जुन्या बाटल्यांसाठी सोडियम परकार्बोनेट: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

घरी आल्याचं फसफसतं पेय आणि कोंबुचा (आंबवलेला चहा) करते, त्यामुळे काचेच्या बाटल्या सतत लागतात. नाशिकमध्ये त्यांना तोटा नाही. भंगारवाल्याकडे बिअरच्या साडेसहाशे मिलीच्या तपकिरी बाटल्या असतातच, आणि आजूबाजूला इतक्या वायनरी असल्यामुळे वाइनच्याही मिळतात. पण त्या येतात त्या अवतारात! तळाला वाळून बसलेला थर, गळ्याशी काळी बुरशी, वर अर्धवट निघालेलं लेबल. तांदळाची कणी आणि जाडं मीठ घालून खळखळवणं, धुण्याच्या सोड्यात रात्रभर बुडवणं, लांब दांड्याचा ब्रश, सगळं करून झालं. गेल्या पावसाळ्यापासून मात्र मी सोडियम परकार्बोनेटच वापरते आहे.

ही पांढरी दाणेदार पावडर कपड्यांच्या डागांसाठी 'ऑक्सिजन ब्लीच' म्हणून विकली जाते. पाण्यात पडली की तिच्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वेगळे होतात. सोडा ओशटपणा काढतो, पेरॉक्साइड डाग आणि बुरशीवर काम करतं. नुसत्या सोड्याने तळाच्या थरातलं वाळलेलं यीस्ट (पेय आंबवणारे सूक्ष्मजीव) मऊ व्हायचं, पण तळाच्या कडेला धरून राहायचं. फरक नेमका तिथे पडला.

माझं प्रमाण लिटरला एक चहाचा चमचा, फारच घाण असेल तर दोन. पाणी मात्र गरम हवं, ५० ते ६० अंश. गार पाण्यात पावडर विरघळते, पण काम फार रेंगाळतं. बाटली उजेडासमोर धरली की आत काय चाललंय ते दिसतं. आधी थराच्या कडेने बारीक बुडबुडे धरतात, मग कड वर उचलली जाते, आणि थोड्या वेळाने उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा पापुद्रा सुटून तरंगायला लागतो. ब्रश लागलाच तर गळ्यापाशी. लेबलं बादलीतच सुटतात; काहींचा चिकटा उरतो, त्यावर खोबरेल तेल चोळून ठेवायचं आणि भांड्याच्या साबणाने धुवायचं.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहावर येतो तेव्हा आमच्याकडेही बादलीतलं पाणी बघता बघता गार होतं. मी बादलीभोवती जुनी गोधडी गुंडाळते, त्याने चांगला फरक पडतो. जुन्या काचेवर एकदम कढत पाणी कधीच ओतू नये, तडकते. आधी कोमट पाण्याने विसळून घ्यायची. बादली प्लॅस्टिकची किंवा स्टीलची. ॲल्युमिनियमचं पातेलं या पाण्यात काळवंडतं. आणि द्रावण भरलेल्या बाटलीला बूच लावायचं नाही, आत वायू तयार होत असतो. हातमोजे हवेतच, नाहीतर कातडी कोरडी पडून चरचरते.

तक्रार आहे ती पांढऱ्या साक्याची. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळतात, ते जड असतं. त्यातला कॅल्शियम सोड्याबरोबर काचेवर बसतो आणि वाळलेली बाटली धुरकट दिसते. सायट्रिक ॲसिडच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने विसळलं की जातो. हे विसळणं नेहमी शेवटी, वेगळं; पावडरीतच आम्ल घातलं तर सोडा तिथेच फसफसून वाया जातो. क्लोरीनवालं ब्लीचही यात मिसळायचं नाही.

दुसरी अडचण पावडर टिकवण्याची. नाशिकचा पावसाळा दमट, उघडी पिशवी ओल धरते आणि मग पावडरीचा जोर कमी होतो. बुडबुडे येईनासे झाले की समजावं, तिच्यात आता जवळजवळ नुसता सोडाच उरलाय. म्हणून मी अर्ध्या किलोहून मोठी पिशवी घेत नाही आणि ओला चमचा आत घालत नाही.

एवढं करून बाटली स्वच्छ होते, निर्जंतुक नाही. भरायच्या दिवशी मी कोमट पाण्याच्या पातेल्यात बाटल्या ठेवून पाणी हळूहळू तापवते आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं राहू देते.

काही बाटल्यांवर मात्र वेळ घालवू नये. धुरकटपणा आम्लानेही गेला नाही तर ती काचच झिजलेली असते, तिथे कुठलीच पावडर चालत नाही. तोंडाला टवका गेलेली बाटली झाकण नीट धरत नाही. वाइनची साधी बाटली दाबासाठी बनवलेली नसते, फसफसतं पेय भरलं तर फुटू शकते. तिच्यात मी द्राक्षाचं व्हिनेगर किंवा सरबत ठेवते. आणि जिला फिनेल, रॉकेल किंवा फवारणीच्या औषधाचा जरासाही वास येतो, ती भंगारवाल्याकडेच ठेवून यावी, कितीही सुंदर असली तरी.