आभा बरं की ऑस्ट्रेलियाचं माय हेल्थ रेकॉर्ड?

आपल्याकडे आभाचा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, १४ आकडी नंबर दिला म्हणून डॉक्टरला लगेच सगळं दिसत नाही, आधी ॲपवर रिक्वेस्ट येते, मग कुठले रिपोर्ट, कधीपासूनचे, किती दिवस बघू द्यायचे ते आपण ठरवायचं, नंतर परवानगी काढूनही घेता येते. ऑस्ट्रेलियात उलटं, २०१९ च्या जानेवारीअखेरपर्यंत ज्यांनी नको म्हणून कळवलं नाही त्यांचं रेकॉर्ड सरकारनेच उघडून टाकलं, उपचार करणाऱ्या डॉक्टरला ते थेट दिसतं, लपवायचं असेल तर कोड आपण लावायचा, आणि इमर्जन्सीत तोही ओलांडता येतो, कोणी बघितलं त्याची नोंद मात्र राहते. आता बेशुद्ध माणूस ॲपवर परवानगी कसली देणार! म्हणून म्हाताऱ्या आईवडिलांसाठी मला तिकडचं बरं वाटतं, स्वतःसाठी आपलंच.