नव्या मरीन टँकसाठी पहिला मासा: डॅमसेल की क्लाउन?

खाऱ्या पाण्याचा (मरीन) टँक भरला, सायकल पूर्ण झाली, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये रुजले, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मासा कुठला आणायचा हा प्रश्न उरतो. कुर्ल्याला जा नाहीतर क्रॉफर्ड मार्केटला, दुकानदार डॅमसेल पुढे करतो आणि सोबत आलेली मुलं क्लाउनच्या काचेला नाक लावून उभी राहतात. मी दोन्ही पाळलेत, त्याच तीन फुटी टँकमध्ये, आधी डॅमसेल आणि मग क्लाउन. तेव्हा पुढचं मत तेवढ्या आकाराच्या टँकपुरतं धरा. पाच-सहा फुटांचा टँक असेल तर गणित बरंच बदलतं.

डॅमसेलची बाजू आधी मांडतो, कारण नंतर त्याच्याविषयी फारसं चांगलं बोलणं होणार नाही. मासा कमालीचा टणक. मे महिन्यात दुपारी लाइट गेले, चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) बंद पडला, पाणी तापलं, तरी हा आपला रॉकभोवती (टँकमधल्या दगडांभोवती) फिरतोय. पेलेट (दाणे) टाका, फ्लेक टाका, फ्रोजन मायसिस (कोळंबीसारखे गोठवलेले बारीक जीव) टाका, नखरे नाहीत. निळ्या लाइटखाली यलोटेल डॅमसेलचा रंग असा उठतो की त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीचे मासे फिके वाटावेत. आणि खिशाला सर्वात स्वस्त.

पूर्वी टँक सायकल करायलाच डॅमसेल सोडायचे. अमोनियाचा मारा सोसून जगणारा मासा म्हणून त्याचं नाव झालं, आणि ‘पहिला मासा डॅमसेल’ हे तेव्हापासून दुकानादुकानांत रुळलं. आता आपण बाटलीतला अमोनिया आणि बॅक्टेरिया घालून माशाविना सायकल करतो. म्हणजे ज्या कारणासाठी तो पहिला यायचा ते कारणच राहिलेलं नाही. सल्ला मात्र तसाच चालू आहे.

शिवाय डॅमसेल म्हणजे एकच मासा नव्हे. यलोटेल सात-एक सेंटीमीटरवर थांबतो आणि त्यातल्या त्यात सभ्य. थ्री-स्ट्राइप लहानपणापासूनच भांडकुदळ. डॉमिनो दुकानात नखाएवढा असतो, काळाभोर, अंगावर तीन पांढरे ठिपके, बघताच घ्यावासा वाटतो. तोच पुढे चौदा सेंटीमीटरपर्यंत जातो, ठिपके पुसट होतात आणि स्वभाव मात्र गडद होतो. दुकानात बऱ्याचदा तिघांच्या किमतीत फरक नसतो, त्यामुळे लोक मिक्स घेऊन येतात.

त्याचं भांडण मला चालवून घेता आलं असतं. मरीनमध्ये थोडी दादागिरी कोण करत नाही? मला वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा: डॅमसेल एकदा रॉकमध्ये शिरला की बाहेर काढता येत नाही.

माझ्याकडचा निळा डॅमसेल टँकमध्ये सर्वात आधी आला होता, त्यामुळे पूर्ण टँक त्याचा. पागडीच्या खोलीतला जुना भाडेकरूच म्हणा, नव्याने येणाऱ्याला जिन्यातच अडवणार. फायरफिश हा दुसरा छोटा मासा सोडला तर त्याला कोपऱ्यातून बाहेर येऊ देईना. खाणं पडलं की हा मधे आडवा. फायरफिशच्या शेपटीच्या कडा कुरतडलेल्या दिसायला लागल्यावर ठरवलं की याला दुकानात परत द्यायचा.

जाळी पाण्यात गेली की हा रॉकच्या आत. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत मायसिस ठेवले, सापळा तयार. बाकीचे मासे आत जाऊन जेवून आले आणि हा बाहेर तरंगत बघत राहिला. खरं तर तो आधी सर्वांच्या पुढे जेवायला असायचा, पण बाटली पाहिली की भूक मेलीच. शेवटी चाललं ते असं: रात्री लाइट बंद झाल्यावर तो रोज एकाच भोकात झोपतो हे लक्षात ठेवलं, बारीक टॉर्चने खात्री केली आणि तो दगडच अलगद उचलून बादलीत ठेवला. दगडातलं पाणी निथळल्यावर साहेब टपकन बादलीत पडले. तोवर टँकची मांडणी विस्कटली होती, वाळूतला गाळ वर आला होता आणि स्किमरचा (पाण्यातली घाण फेसावाटे काढणाऱ्या यंत्राचा) कप फेसाने भरून वाहत होता.

माझे दगड सुटे होते म्हणून हे जमलं. आजकाल बरेच जण ड्राय रॉक किंवा सिरॅमिक रॉक घेऊन ते इपॉक्सीने एकमेकांना चिकटवतात. (समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक, म्हणजे जीव चिकटलेला दगड, कुणी ‘आतून’ देतो म्हणाला तर घेऊ नका, दगडी प्रवाळ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि त्या दगडावर काय चिकटलंय हे अधिकाऱ्याला समजावत बसायची वेळ कशाला आणायची?) चिकटवलेली मांडणी असेल तर डॅमसेल काढायचा म्हणजे मांडणी फोडायची.

क्लाउनमध्ये ही कटकट मला आली नाही. तसा तोही डॅमसेलच्याच कुळातला, पोमासेंट्रिडीतला, त्यामुळे अगदी गाय नाही. जोडी जमून अंडी घालायला लागली की मादी काच पुसणाऱ्या हाताला चावते, आणि चावते म्हणजे कळतं. पण क्लाउनचा हक्क एका कोपऱ्यापुरता. माझ्या जोडीने वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) मागची जागा धरली, रात्री तिथेच तिरकी होऊन झोपते. बाकीचा टँक इतरांना मोकळा. आणि क्लाउन रॉकच्या पोटात घुसून बसत नाही, उघड्यावर असतो. काढायची वेळ आली तर दोन जाळ्यांत सापडतो.

घेताना ऑसेलारिस जातीचा क्लाउन घ्या, मरून क्लाउन नको. त्याच्यापुढे डॅमसेल बरा म्हणायची पाळी येईल. एक मोठा, एक लहान अशी दोन छोटी पिल्लं आणली की पुरे. क्लाउन जन्मतः सगळे नरच, त्यांतला वरचढ ठरलेला पुढे मादी होतो, त्यामुळे जोडी आपोआप बसते. अॅनिमोनीची (क्लाउन समुद्रात ज्याच्या आसऱ्याने राहतो त्या फुलासारख्या प्राण्याची) गरज नाही. नव्या टँकमध्ये अॅनिमोनी तगतही नाही.

क्लाउनची एक खरी अडचण म्हणजे समुद्रातून पकडून आणलेला मासा. त्याला ब्रुकलिनेला ही परजीवी रोगाची लागण झाली की अंगावर पांढरट चिकट थर येतो आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. म्हणून हॅचरीतली, म्हणजे प्रजनन केंद्रात वाढवलेलीच पिल्लं मागा. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनचं प्रजनन आपल्याकडे केव्हाच बसवलंय, आणि आपल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनची हॅचरी उभी राहिली आहे. हॅचरीतलं पिल्लू घरी आणल्याच्या पहिल्या दिवसापासून पेलेट खातं. दुकानात दोन दाणे टाकून दाखवायला सांगा. खात नसेल तर कितीही गोंडस असलं तरी तिथेच राहू द्या. पैसे डॅमसेलपेक्षा जास्त जातील हे मान्य, पण नीट सांभाळला तर क्लाउन दहा-पंधरा वर्षं सहज काढतो.

कुणी म्हणेल, मग ग्रीन क्रोमिस? तोही डॅमसेलच, पण शांत. दुकानातला थवा बघून मोह होतो. घरी मात्र ते एकमेकांना एकेक करून संपवतात आणि शेवटी एक-दोनच उरतात. माझ्या ओळखीत थवा टिकलेला एकच टँक आहे, आणि तो हॉलची अख्खी भिंत व्यापतो.

क्लाउन ठरला तर सोबत्यांसाठी बराच वाव राहतो. असे सोबती ठेवायचे असतील तर पहिला मान त्यांचा: फायरफिश आणि वॉचमन गोबी आधी सोडा, क्लाउनची जोडी त्यांच्यानंतर. सिक्सलाइन रॅस किंवा डॉटीबॅक असा भांडखोर मासा हवाच असेल तर अगदी शेवटी. माझं विचाराल तर तीन फुटांत नकोच. फायरफिश उडी मारतो, त्यामुळे वर झाकण लागतं. पण मुंबईच्या उकाड्यात काचेचं झाकण म्हणजे पाणी तापवणं, आणि वर लावलेल्या पंख्याचाही उपयोग नाही. फ्रेमवर बारीक जाळी ताणून घ्या, हवा खेळती राहते. मँडरिन आणि टँग या माशांचा विचार नव्या टँकमध्ये करूच नका. मँडरिनला जिवंत कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक जीव) लागतात, टँगला पोहायला जागा.

एवढं सांगूनही तो निळा रंग डोळ्यांसमोरून जात नसेल तर मी अडवणार नाही. यलोटेल घ्या, एकच घ्या, बाकी सगळे मासे रुळल्यावर सगळ्यांत शेवटी सोडा. फक्त दगड इपॉक्सीने चिकटवलेले असतील तर तेवढाही नको.