कारखान्याच्या गृहपत्रिकेसाठी मजकूर निवडून देणारी सेवा: वर्षभराच्या अनुभवावरून

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे आणि त्याच्या त्रैमासिक गृहपत्रिकेचे, म्हणजे कारखान्यातच वाटल्या जाणाऱ्या अंकाचे, काम गेल्या वर्षापासून मजकूर निवडून देणाऱ्या या संस्थेकडे सोपवलेले आहे. मांडणी आणि छपाई करून देणारे सोलापुरात पुष्कळ आहेत. अंकात काय घ्यावे आणि काय वगळावे हे ठरवण्यासाठी कारखान्यात येऊन बसणारे मात्र मला यांच्याखेरीज कोणी भेटले नाही, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्या निवडीविषयीच आहे.

पूर्वीच्या आमच्या अंकात संचालकांचे मनोगत, परदेशी प्रदर्शनातील छायाचित्रे, सत्कारांचे वृत्त आणि उरलेल्या जागेत सुविचार असत. या मंडळींनी पहिल्या बैठकीतच विचारले की अंक नेमका कोणी वाचावा अशी आपली अपेक्षा आहे, आणि उत्तर ‘कामगारांनी’ असे येताच त्यांनी कार्यालयात न बसता थेट मागांच्या खात्यात आणि शिलाई विभागात जाण्याची परवानगी मागितली. दोन्ही पाळ्यांतील जॉबर (मागांवरील मुकादम), यंत्रमाग कामगार आणि शिलाईकाम करणाऱ्या भगिनी यांच्याशी ते सावकाश बोलले. त्या बोलण्यातून निघालेल्या विषयांची यादी त्यांनी आमच्यापुढे ठेवली, तेव्हा भविष्य निर्वाह निधी, अपघात आणि मुलांचे पुढील शिक्षण हे तीन विषय वारंवार आलेले दिसले. आमच्या आधीच्या कोणत्याही अंकात यांपैकी एकावरही सविस्तर लेख नव्हता.

भविष्य निर्वाह निधीवरील त्यांचा लेख मला सर्वोत्तम वाटतो. योजनेचे गुणगान त्यात नव्हते. लग्नानंतर नामनिर्देशन नव्याने का करावे लागते, आधार क्रमांकाशी जोडलेला मोबाईल क्रमांक बदलला असेल तर ऑनलाइन नामनिर्देशन कोठे अडते, आणि नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाल्यास ठेव-संलग्न विमा योजनेतून वारसाला ७ लाख रुपयांपर्यंतची रक्कम कशी मिळू शकते, हे त्यात एकेका पायरीने सांगितले होते. त्याच अंकात राज्य कामगार विमा योजनेसाठीची २१,००० रुपयांची मासिक वेतनमर्यादा आणि कुटुंबीयांना मिळणारे उपचार यांची चौकटही होती. अंक वाटल्यावर मनुष्यबळ विभागाकडे नामनिर्देशनासाठी येणाऱ्यांची रांग लागली. गृहपत्रिकेतील मजकूर उपयोगी पडला की नाही, हे ओळखण्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

‘थोडक्यात टळले’ हे सदर त्यांनीच सुचवले आणि त्याला आमच्याकडून प्रथम विरोध झाला. आमच्या जुन्या मागांवर आडवे सूत इकडून तिकडे नेणारा धोटा अजून चालतो. तो उडाला तर डोळ्याला किंवा डोक्याला गंभीर इजा होऊ शकते, आणि तो अडवणारी जाळी काम करताना गैरसोयीची वाटते म्हणून कधी कधी बाजूला सारली जाते. अशा न घडलेल्या अपघातांची हकीकत छापल्यास कारखान्याचे नाव खराब होईल, अशी व्यवस्थापनाची भीती होती. संस्थेने संबंधित कामगाराचे नाव आणि मागाचा क्रमांक वगळून केवळ घटनाक्रम, कारण आणि उपाय एवढेच देण्याचा मार्ग सुचवला, आणि हा संयम अत्यंत योग्य होता. दोषी ठरवले जात नाही याची खात्री पटल्यावर कामगार स्वतः येऊन हकीकती सांगू लागले आहेत. सुरक्षा सप्ताहातील घोषणांपेक्षा या सदराचे मोल मी अधिक मानतो.

वगळण्यातही त्यांची दृष्टी चांगली आहे. वाढदिवसांच्या यादीत जन्मवर्ष देत नाहीत, आजारपणाची बातमी त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय घेत नाहीत, आणि लहान मुलांची छायाचित्रे पालकांना विचारूनच छापतात. संचालकांच्या परदेश दौऱ्याची चार पाने त्यांनी एका परिच्छेदावर आणली, पण त्या परिच्छेदात ग्राहकाने टॉवेलच्या कोणत्या दोषाबद्दल तक्रार केली हे आवर्जून ठेवले, कारण ते शिलाई विभागाला कळणे आवश्यक होते. पिन मारलेल्या अंकाची पाने चारच्या पटीत भरावी लागतात आणि त्यामुळे शेवटी काहीतरी भरून टाकण्याचा मोह होतो. यांचे शुल्क पानांवर नसून अंकावर असल्याने आठ पानांचा अंक बारा पानांचा करण्यात त्यांना रस नसतो.

जानेवारीच्या अंकाचा उल्लेख करायलाच हवा. आम्ही प्रजासत्ताक दिनाचा नेहमीचा संदेश पाठवला होता. त्यांनी त्यासोबत १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर एक पान दिले, आणि १९३० च्या मार्शल लॉच्या काळातील गिरणगावाचा संदर्भ त्यात नीट मांडला. गिरणीत काम केलेल्या आजोबा-पणजोबांची नातवंडे आज आमच्या मागांवर आहेत. ते पान अनेकांनी घरी जपून ठेवले.

मात्र हा अंक मकर संक्रांतीच्या आधी यायला हवा होता आणि तो संक्रांतीच्या सुमारास भरणारी सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपत आल्यावर हाती पडला. यात्रेच्या दिवसांतील पाळ्यांचे बदल त्यात होते, ते निरुपयोगी ठरले. वेळेबाबत ही संस्था कच्ची आहे.

त्याहून मोठी तक्रार आरोग्याच्या पानाविषयी आहे. उन्हाळ्याच्या अंकात दुपारी बाहेर पडू नये, थंड आणि हवेशीर जागी बसावे, असा कोणत्याही शहराला चालणारा तयार मजकूर दिला गेला. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि सूत तुटू नये म्हणून मागांच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तेथे काम करणाऱ्याला उष्णतेचा त्रास लवकर होतो. त्याने पाणी आणि मीठ किती अंतराने घ्यावे, चक्कर येण्याआधीची लक्षणे कोणती, विश्रांती कोठे घ्यावी, हे सांगणारा मजकूर कारखान्याच्या डॉक्टरांकडून घेता आला असता. इतर पानांसाठी खात्यात जाऊन बोलणाऱ्यांनी हेच एक पान टेबलावर बसून भरावे, याचे मला वाईट वाटले.

तेलुगू पानाचीही तीच गत आहे. आमचे बरेच ज्येष्ठ कामगार पद्मशाली समाजाचे आहेत आणि तेलुगू वाचतात. पहिल्या अंकातील तेलुगू पान फार जड भाषेत होते, असे त्यांनीच सांगितले. पुढच्या अंकापासून ते सुधारण्याऐवजी बंद झाले. कारखान्यातील एखाद्या वाचकाकडून मजकूर तपासून घेतला असता तर ते पान टिकले असते.

नव्या वर्षासाठी आम्ही करार पुढे चालू ठेवला आहे. त्यात अंक वितरणाची तारीख आणि उशिरासाठी शुल्कातील कपात लिहून घेतली आहे, आरोग्याचे पान कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय छापले जाणार नाही असे ठरले आहे, आणि तेलुगू पान पुढील अंकापासून पुन्हा सुरू होत आहे.