पार्किंगमधलं पाणी उपसायचा पंप: नवी मुंबई आणि ठाण्यातल्या रो-हाऊससाठी तीन प्रकारांची पारख

वाशी, सानपाडा, नेरूळ, ऐरोलीच्या रो-हाऊसमध्ये घराचा ओटा उंच असतो, पण गाडी लावायची जागा रस्त्याच्या पातळीला किंवा तिच्याही खाली. दर डांबरीकरणात रस्ता थोडा वर सरकतो, पार्किंग आहे तिथेच राहतं. मग जुलैत एखाद्या दुपारी गाडीच्या चाकाला पाणी लागतं आणि घरमालक हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘पाणी काढायचा पंप द्या’ म्हणतो. दुकानदार शेल्फवर जो असेल तो देतो. यातले बरेच पंप पहिल्याच पावसाळ्यात निकामी होतात, आणि दोष बहुतेक वेळा कंपनीचा नसतो, निवडीचा असतो.

बाजारात या कामासाठी तीन प्रकार मिळतात: प्लास्टिक बॉडीचा ४००-५०० वॉटचा छोटा सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालवायचा पंप), बिडाच्या बॉडीचा पाऊण ते १ एचपीचा सांडपाण्याचा सबमर्सिबल, आणि २ इंची पेट्रोल पंप. आमचा कौल आधीच सांगतो. बहुतेक रो-हाऊसना मधला प्रकार घ्यावा. का, ते पुढे.

पंपाआधी एक गोष्ट पक्की करायला हवी: पाणी येतंय कुठून? नवी मुंबईचा बराच भाग भराव टाकून उभा राहिलाय आणि भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला त्यांच्या झडपा बंद होतात आणि शहराचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडपा उघडून ते खाडीत जातं. यातले बरेच तलाव गाळाने आणि कांदळवनाने भरलेत, त्यामुळे उधाणाची भरती आणि जोरदार पाऊस एकत्र आला की पाणी गटारातून उलटं रस्त्यावर चढतं. अशा वेळी गेट उघडं ठेवून पंप लावणं म्हणजे अख्ख्या सेक्टरचं पाणी आपल्या वीजबिलावर उपसणं. कितीही मोठा पंप आणा, पातळी हलणार नाही.

तेव्हा पहिला खर्च गेटवरच्या फळीचा. दोन्ही खांबांना ॲल्युमिनियमचं चॅनेल, त्यात १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, खाली आणि बाजूंना रबराची पट्टी. उंची ४५ सेंटिमीटर पुरे. ३ मीटर रुंद गेटवर एवढ्या पाण्याचा दाब सुमारे ३०० किलो होतो, म्हणून फळीला मधे एक टेकू हवाच. ६० सेंटिमीटरच्या वर पाणी अडवायचा अट्टहास करू नये, कंपाउंडची भिंत तेवढ्यासाठी बांधलेली नसते. पार्किंगमधली मोरीची जाळीही बंद करता आली पाहिजे, नाहीतर फळी लावूनही पाणी तिथूनच वर येतं. त्यासाठी नट आवळला की फुगणारा रबरी बूच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

फळी लागली की पंपाला फक्त आतलं पाणी काढायचं उरतं, आणि ते मोजता येतं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. छत आणि अंगण मिळून १०० चौरस मीटर धरलं आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर आत ५,००० लिटर येतं, म्हणजे मिनिटाला ८३ लिटर. त्यात ३० चौरस मीटरच्या पार्किंगमध्ये १५ सेंटिमीटर पाणी आधीच साचलेलं असेल तर ते ४,५०० लिटर. मिनिटाला १५० लिटर काढणारा पंप पाऊस थांबलेला असताना हे अर्ध्या तासात उपसतो, पाऊस चालू असेल तर तासाहून थोडा जास्त वेळ घेतो. मिनिटाला ५० लिटर काढणारा पंप पाऊस चालू असेपर्यंत हरतच राहतो. इथे एक फुकटचा उपाय आहे. गच्चीचं पाणी खाली आणणारा पाइप पार्किंगमध्ये सोडलेला असेल तर तो फळीच्या उंचीच्या वरून थेट बाहेर काढा. पंपावरचा बोजा एकदम उतरतो.

आता खोक्यावरचे आकडे. डिस्चार्ज म्हणजे पंप किती पाणी काढतो ते, आणि हेड म्हणजे ते किती उंच चढवतो ते. ‘कमाल डिस्चार्ज’ आणि ‘कमाल हेड’ हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल डिस्चार्ज शून्य उंचीवरचा असतो, आणि कमाल हेडला पाणी बाहेर पडायचंच थांबलेलं असतं. छोट्या प्लास्टिक पंपावर ‘तासाला ७,५०० लिटर, हेड ५ मीटर’ असं लिहिलेलं असेल, तर ३ मीटर हेडला त्यातून निम्मंही पाणी येत नाही. दुकानात वक्ररेषेचा तक्ता, म्हणजे कोणत्या हेडला किती पाणी येतं ते दाखवणारा आलेख, मागावा. किर्लोस्कर, केएसबी, क्रॉम्प्टन, सीआरआय यांच्यासारख्या कंपन्या तो देतात. तक्ताच नसलेला पंप घेऊ नये.

पण ३ मीटर हेड आलं कुठून? पंप ठेवायच्या खड्ड्यातून (त्याबद्दल पुढे) फळीवरून बाहेर जायला उंची जेमतेम दीड मीटर. बाकीचं पाइप खातो, आणि सगळ्यात जास्त पैसे याच ठिकाणी वाया जातात. मिनिटाला १०० लिटर पाणी १५ मीटर लांबीच्या १ इंची पाइपातून ढकललं तर घर्षणातच साडेसात मीटरच्या आसपास हेड जातं. तेच पाणी दीड इंची पाइपातून नेलं तर सुमारे एक मीटर, आणि २ इंचीतून फक्त पाव मीटर. व्यास दुप्पट केला की घर्षण जवळपास तिसाव्या हिश्श्यावर येतं. बागेचा हिरवा पाइप १ एचपीच्या पंपाला रिड्यूसर घालून जोडलेला जागोजागी दिसतो. तो पंप आवाज पूर्ण करतो आणि काम पाव. पंपाचं तोंड २ इंची असेल तर पाइपही २ इंचीच घ्यावा. चपटा, गुंडाळता येणारा निळा लेफ्लॅट पाइप चालतो, फक्त त्याला घडी पडली की पाणी तिथेच अडतं, म्हणून फळीवरून वळतो तिथे पीव्हीसीचा बेंड बसवावा.

दुसरी कळीची गोष्ट इंपेलर, म्हणजे पंपाच्या आत फिरून पाणी ढकलणारं चाक. पार्किंगच्या पाण्यात गुलमोहराची पानं, गुटख्याच्या पुड्या, सुतळी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि वाळू असते. साध्या स्वच्छ पाण्याच्या पंपात इंपेलर आणि बॉडी यांच्यामधली फट अगदी कमी असते. एक पिशवी आत गेली की मोटर गुरगुरते, करंट वाढतो आणि थर्मल कटआउट (मोटर तापली की वीज तोडणारा स्विच) चालू-बंद होत राहतो. कटआउट नसेल तर वाइंडिंग जळतं. सांडपाण्याच्या पंपातला व्होर्टेक्स इंपेलर वर मागे बसवलेला असतो. तो भोवरा तयार करतो आणि कचरा त्याला न शिवता बाहेर जातो. अशा पंपाच्या पाटीवर किती मोठा घन पदार्थ जाऊ शकतो ते लिहिलेलं असतं. २५ मिलिमीटरच्या खाली घेऊ नका. व्होर्टेक्सची कार्यक्षमता कमी असते, वीज थोडी जास्त जाते. वर्षातून मोजके तास चालणाऱ्या यंत्रासाठी ती किंमत योग्यच आहे.

‘ओपनवेल’ पंप याच कामासाठी म्हणून विकला जातो, त्यापासून सावध. तो विहीर आणि टाकीतल्या स्वच्छ पाण्यासाठी आहे, आडवा असतो आणि पूर्ण बुडालेला लागतो. वीतभर पाण्यात तो हवा ओढतो. टाकीवरचा मोनोब्लॉक खाली आणून वापरणं तर त्याहून वाईट, कारण त्याची मोटर उघडी असते आणि पाणी आधी तिलाच गाठतं.

छोटा प्लास्टिक पंप अगदीच टाकाऊ नाही. खारघरच्या किंवा घोडबंदर रोडच्या उंच भागात, जिथे पाणी चढत नाही, फक्त कोपऱ्यात साचतं, तिथे तो पुरतो. हलका असतो, एका हाताने उचलता येतो, आणि तळ सपाट असलेल्या मॉडेलने शेवटच्या काही मिलिमीटरपर्यंत पाणी निघतं. मोठा पंप मात्र तळाशी पाच-सात सेंटिमीटर पाणी सोडतो. येऊरच्या पायथ्याशी एक वेगळी अडचण आहे. तिथे डोंगरावरून येणारं पाणी लाल मातीने गढूळ असतं, आणि ही माती मेकॅनिकल सीलच्या, म्हणजे मोटरमध्ये पाणी शिरू न देणाऱ्या भागाच्या, दोन घासणाऱ्या चकत्यांमध्ये शिरून त्या खाते. तिथे पंपाच्या खड्ड्याआधी गाळ बसायला दुसरा छोटा खड्डा केल्याशिवाय कोणताच पंप टिकत नाही.

मोठ्या पंपालाही खड्डा हवाच. पार्किंगच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात ४५ बाय ४५ सेंटिमीटर, खोली ६० सेंटिमीटर, वर लोखंडी जाळी. पंप तळावर न ठेवता एका विटेवर ठेवावा, म्हणजे गाळ थेट ओढला जात नाही. फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप आपोआप चालू-बंद करणारा फुगा, त्याच्या वायरची लांबी नीट बघा. खड्डा अरुंद आणि वायर लांब असली की तो पिवळा-काळा फुगा भिंतीला टेकून तिरका अडकतो. पाणी चढलं तरी पंप सुरू होत नाही, किंवा पाणी संपलं तरी बंद होत नाही आणि कोरडा चालून सील जाळतो. फ्लोट हँडलच्या खाचेत अडकवून वायर वीतभरच मोकळी सोडावी, आणि तो हाताने वर धरूनही पंप सुरू करता येईल असं मॉडेल घ्यावं.

पाइप बाहेर गेलेल्या पाण्यात बुडालेला असेल तर पंप बंद होताच सायफन होऊन पाणी परत आत येतं. म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो, तोही बॉल पद्धतीचा, कारण फ्लॅपच्या व्हॉल्व्हमध्ये पिशवीचा तुकडा अडकला की तो उघडाच राहतो. व्हॉल्व्हच्या खाली, पंपाच्या लगेच वर, पाइपाला ३ मिलिमीटरचं भोक पाडावं. तिथून अडकलेली हवा निघून जाते. हे भोक नसेल तर पंप फिरतो आणि पाणी मात्र येत नाही, आणि लोक चांगला पंप दुकानात परत घेऊन जातात. बाहेर टाकलेलं पाणी पावसाळी गटारातच जायला हवं. मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडलं तर ते शेजाऱ्यांच्या बाथरूममधून वर येतं.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. १ एचपीचा सिंगल फेज पंप सहा अँपिअरच्या आसपास घेतो, सुरू होताना त्याच्या कित्येक पट. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, जमिनीपासून किमान दीड मीटर उंच, पक्कं अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच). एमसीबी माणसाला वाचवत नाही, आरसीसीबी वाचवतो. एक्स्टेन्शन बोर्ड नको, पाण्याखाली केबलचा जोड नको. पंप उचलायचा तो हँडलला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीने. केबल धरून उचलला की केबल आत जाते तिथल्या सीलबंद तोंडातून (ग्लँड) पाणी मोटरमध्ये शिरतं. आणि पाणी साचलेल्या पार्किंगमध्ये पाय टाकण्याआधी तिथली वीज बंद करा, पंपाचीसुद्धा.

पाणी चढलं की महावितरण अनेकदा सुरक्षेसाठी त्या भागाचा पुरवठा बंद करतं, आणि इथेच पेट्रोल पंपाचा विचार सुरू होतो. घरातला ९०० व्हीएचा इन्व्हर्टर १ एचपीचा पंप सुरू करू शकत नाही. जनरेटर अडीच-तीन केव्हीएचा लागतो. २ इंची पेट्रोल पंप मिनिटाला ५०० लिटरच्या वर पाणी फेकतो आणि तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पितो. काम जबरदस्त, पण एका घरासाठी तो जास्तच होतो. सुरू करण्याआधी त्याच्या बॉडीत पाणी भरावं लागतं. सक्शनचा पाइप तारेचा, कडक लागतो, कारण लेफ्लॅट तिथे चिपाडासारखा चपटा होतो. सांध्यात सुईएवढी हवा घुसली तरी पाणी चढत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही, म्हणून स्टिल्टखाली किंवा बंद पार्किंगमध्ये तो कधीही चालवू नये, पावसात भिजला तरी उघड्यावरच ठेवावा. आजचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं, त्यामुळे ऑक्टोबरात टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे केले नाहीत तर पुढच्या जूनमध्ये दोरी ओढून हात दुखतात आणि इंजिन लागत नाही. सात-आठ घरांनी मिळून घ्यायचा आणि एका माणसाने सांभाळायचा, तरच हा परवडतो.

मुंबईत मान्सून येण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पंपाची चाचणी मे महिन्यातच करा. पडून राहिल्यावर सील चिकटते, आणि पहिल्याच जोरात मोटर हुंकारते पण फिरत नाही. तेव्हा लगेच प्लग काढा. खालचे स्क्रू सोडून इंपेलर हाताने दोन फेरे फिरवला की तो मोकळा होतो. तरीही फिरला नाही तर कॅपॅसिटर बदलून बघावा, तो स्वस्त असतो. चाचणीसाठी पंप भरलेल्या हौदात सोडा, तुमचाच पाइप तुमच्याच फळीवरून न्या आणि २०० लिटरचा पिंप किती सेकंदांत भरतो ते बघा. ८० सेकंद लागले तर मिनिटाला १५० लिटर. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा हाच आकडा खरा. पाणी काढून झाल्यावर पंप गोड्या पाण्यात पाच मिनिटं चालवावा, कारण भरतीसोबत आलेल्या पाण्यात खाडीचा खार असतो आणि तो स्क्रू, बेअरिंग, केबलची ग्लँड सगळ्यांना लागतो.

बिडाचा, नामांकित कंपनीचा १ एचपी पंप पाच आकड्यांत जातो, म्हणून पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा: या मॉडेलची मेकॅनिकल सील आणि इंपेलर आज दुकानात आहे का? वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळेच्या पट्ट्यातला रिवाइंडिंगवाला मोटर भरून देतो, पण सील त्या मॉडेलचीच लागते, आणि ऐन जुलैत ती मागवून येईपर्यंत पाणी थांबत नाही. सील मिळत असेल तर एक जास्तीची बिलात धरूनच घ्या.