साइडकार जोडायची तर बेस कोणता घ्यावा: कास्ट आयर्न बुलेट, येझदी की स्प्लेंडर?

जुन्या धाटणीची हलकी मोटरसायकल आणि डावीकडे साइडकार घरी बांधायची म्हटलं की मुंबईत बहुतेकांची निवड तीन गाड्यांवर येऊन ठरते: उजव्या गिअरची, बिडाच्या इंजिनची म्हणजे कास्ट आयर्न बुलेट ३५०, येझदी २५० किंवा शंभर सीसीची स्प्लेंडर. टाकीचा आकार बघून यातली एक उचलू नका. साइडकारमध्ये कोण बसणार हे आधी ठरवा. मोठं माणूस बसणार असेल तर बुलेटच. लहान मूल, कुत्रा किंवा सामान न्यायचं असेल तर स्प्लेंडर पुरते आणि खिशालाही झेपते. येझदी चालवायला तिघींत सगळ्यात गोड, बांधायला सगळ्यात किचकट.

राजदूत १७५ दिसते छान, पण तीन गिअर आणि जेमतेम नऊ अश्वशक्तीवर केम्प्स कॉर्नरचा चढ साइडकारसकट चढणं जिवावर येईल. यामाहा आरएक्स १०० पळते, पण तिची चेसिस या कामासाठी नाही. शिवाय चांगल्या स्थितीतल्या आता मोजक्याच उरल्यात, त्यांच्यावर हे प्रयोग करू नयेत.

आधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२७) मध्ये मोटरसायकलच्या व्याख्येतच जादा चाकाची, सुटी करता येणारी साइडकार धरलेली आहे. म्हणून सगळे जोड क्लॅम्प आणि बोल्टचे ठेवा, मूळ चेसिसला वेल्डिंग करू नका. एवढ्यावर काम भागत नाही. कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं. नोंदणीतली मूळ माहिती बदलेल असा फेरफार चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, जिथे गाडी नोंदलेली असेल त्या आरटीओकडून पाइप कापण्याआधी लेखी परवानगी घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची फेरनोंदणी झालेली नसेल तर ती गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

डावी बाजू कोणाची मोकळी?

आपल्याकडे साइडकार डावीकडे लागते, आणि खरा फरक इथेच पडतो. जुन्या बुलेटची किक आणि गिअर दोन्ही उजवीकडे, मागचा ब्रेक डावीकडे. किक मारायला पाय मोकळा राहतो, आणि डाव्या ब्रेक पॅडलवरूनच साइडकारच्या चाकाला दुसरी केबल नेता येते. मात्र पाच गिअरच्या नंतरच्या बुलेटमध्ये गिअर डावीकडे आला आणि ब्रेक उजवीकडे गेला, तिथे हा फायदा जातो.

येझदीत गिअरचाच दांडा वळवून किक होते आणि तो डावीकडे असतो. साइडकारचा पुढचा खालचा जोड नेमका त्या दांड्याच्या वाटेत येतो. उपाय एकच: जोड डाऊनट्यूबवर, म्हणजे इंजिनपुढच्या उभ्या नळीवर, पुढे सरकवायचा आणि साइडकारची चौकट तिथे बाहेरच्या बाजूला वाकवायची. एवढं करूनही बूट घालून किक मारताना पोटरी बॉडीला घासते. बॉडीचा पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा लावून किक पूर्ण खाली जाते का बघा.

स्प्लेंडरची किक आणि ब्रेक उजवीकडे, डावीकडे फक्त गिअर. अडचण चेनची: ती डावीकडे असल्याने साइडकार लागल्यावर ताणायला हात शिरत नाही. बुलेटचंही तेच. मागच्या चाकाच्या एक्सलसमोर पान्हा फिरेल एवढी, निदान २० सेंमी, जागा सोडा.

चेसिस आणि जोड

जोड चारच हवेत, दोन खाली आणि दोन वर. तीन जोडांवर भागवलं की मागच्या खालच्या क्लॅम्पवर सगळा पीळ येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

बुलेटच्या इंजिनखाली चेसिसची नळी नाही, इंजिनच तिथे चेसिसचं काम करतं. म्हणून पुढच्या इंजिन प्लेटपासून मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या पिव्होटपर्यंत वेगळी सबफ्रेम (जोडचौकट) बांधावी लागते. येझदीला इंजिनखालून जाणाऱ्या नळ्या आहेत, पण त्या चौकोनी; गोल क्लॅम्प बसत नाहीत, जाड प्लेट आणि यू-बोल्ट घ्यावे लागतात. स्प्लेंडरला खाली नळ्या आहेत आणि त्या गोल आहेत, जोडणीला तीच सगळ्यात सरळ. पण पाइप पातळ असल्याने क्लॅम्पची रुंदी ५० मिमीपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर पाइप चेपतो.

साइडकारच्या चौकटीला बुलेटसाठी ३८ मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा सीमलेस (बिनजोडाचा) पाइप. स्प्लेंडरसाठी ३२ मिमी, अडीच मिमी जाडीचा पुरे. वरच्या दोन दांड्यांना उलटसुलट आट्यांचे, फिरवून लांबी कमी-जास्त करता येणारे टर्नबकल लावा, नाहीतर गाडीचा कल नंतर बदलता येणार नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचे, आपोआप सैल न होणाऱ्या नायलॉक नटसकट. नागदेवी स्ट्रीटवर मागाल त्या मापाचे मिळतात. वेल्डिंग इमारतीच्या पार्किंगमध्ये करू नका. चौकट टाके मारून कुर्ल्याला किंवा धारावीला पक्की करून आणा.

ताकद, गिअर, गरमी

बुलेटचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील यामुळे अठरा अश्वशक्ती कमी वेगातही कामी येते. येझदीची सोळा, पण टू-स्ट्रोक असल्याने ती वरच्या फेऱ्यांत. एलबीएस मार्गावर पहिल्या-दुसऱ्यात रांगत राहिलं की प्लग काळा होतो. स्प्लेंडरची आठच्या आत.

तिन्हींना पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, लहान करावंच लागतं. स्प्लेंडरवर १४ दातांच्या जागी १३ बसवलं की ओढ जवळपास आठ टक्के वाढते. डावं कव्हर काढून दोन बोल्ट सोडले की काम होतं. बुलेटवर तेच स्प्रॉकेट क्लचच्या मागे असतं, प्रायमरी (इंजिनपासून क्लचपर्यंतची चेन) आणि क्लच दोन्ही खोलावे लागतात. म्हणून इंजिन बाहेर असतानाच ते बदलून टाका.

चाक, वजन, बॉडी

रिकामी साइडकार गाडीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हवी. बुलेटला ५५ किलो, स्प्लेंडरला ३५ ते ४०. चाकाला चेतक स्कूटरचं पुढचं हब (चाकाचा मधला गाभा) सोयीचं: ते एकाच बाजूने धरलेलं असतं आणि ड्रम ब्रेक आतच असतो. त्याचा दहा इंची ३.५०-१० टायर खड्ड्यात जास्त आपटतो, तरी स्पोकच्या १८-१९ इंची चाकापेक्षा आमची पसंती यालाच. साइडकारचं चाक वळणावर झुकत नाही, सगळा आडवा ताण स्पोकवर येतो आणि साधे स्पोक तुटत जातात. जुनं रूप हवंच असेल तर जाड स्पोकनी चाक नव्याने विणून घ्या.

बॉडी फायबरची करा. पत्र्याचीच हवी असेल तर तळाला १० मिमीची चार भोकं ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात शिवणी गंजतात.

चाकं जुळवणं

सपाट फरशीवर, चालक बसलेला असताना मोजा. दोन मीटरची सरळ चौकोनी नळी गाडीच्या दोन्ही टायरना टेकवा, दुसरी साइडकारच्या चाकाला. दोन्ही नळ्यांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा १२ ते २० मिमी कमी हवं. साइडकारचा एक्सल मागच्या एक्सलच्या १५० ते २०० मिमी पुढे. तो फार मागे राहिला तर उजव्या वळणावर साइडकारचं नाक खाली दबतं. फार पुढे गेला तर हँडल जड होतं. गाडी किंचित उजवीकडे झुकलेली ठेवा: ओळंबा सोडला तर चाकाच्या वरच्या आणि खालच्या कडेत १० ते १५ मिमी फरक. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढत असेल तर हा कल थोडा वाढवा.

वीस ते पस्तीसच्या वेगात हँडल थरथरलं तर बॉल रेसर (हँडलचं बेअरिंग) करकचून आवळू नका, थरथर जिरवणारा स्टिअरिंग डॅम्पर लावा.

रस्त्यावर

वेग दिला की गाडी डावीकडे ओढते. साइडकारला ब्रेक नसेल तर ब्रेक मारल्यावर ती उजवीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे वळते. म्हणून स्प्लेंडरच्या १३० मिमी ड्रमवर विसंबून साइडकारचा ब्रेक टाळू नका. डाव्या वळणावर रिकामी साइडकार उचलते, तिथे ३० किलो वाळूची गोणी बांधून ठेवा. साइडकारमधल्या माणसालाही हेल्मेट लागतं. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतूवर मोटरसायकलला बंदी आहे, साइडकार लावली म्हणून ती उठत नाही.

आणि रुंदी दीड मीटरच्या पुढे जाते, तेव्हा सोसायटीचं गेट आधी मोजा. यातल्या एकाही गाडीला रिव्हर्स गिअर नाही. उतरत्या रॅम्पच्या पार्किंगमधून बुलेटची जोडी मागे ढकलत काढायला दोन माणसं लागतात, स्प्लेंडरची एकटा काढतो.

पहिल्या १०० किमीनंतर चारही जोडांचे नट पुन्हा आवळा. ५०० किमीनंतर चाकं परत मोजा. साइडकारच्या टायरची बाहेरची कड आधी झिजत असेल तर पुढचं अंतर दोन-तीन मिमीने वाढवा.