मोठ्या टाइपातले पवित्र शास्त्र: गुरुवारच्या प्रार्थनासभेतले सहा महिने

आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता प्रार्थनासभा भरते. येणारी माणसे बारा-तेरा असतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक साठीच्या पुढची आहेत. गेल्या पावसाळ्यापर्यंत आमच्याकडे वडिलांच्या वेळची एकच जुनी प्रत होती. तिचा टाइप इतका बारीक होता की वाचन आपोआप तरुणांकडे जाई. तरुण मंडळी मोबाइलवरून भराभर वाचत आणि ज्यांना निम्मे शास्त्र तोंडपाठ आहे त्या म्हाताऱ्या माणसांनी नुसते ऐकायचे, अशी उलटी व्यवस्था होऊन बसली होती. ती मोडण्यासाठी मी मोठ्या टाइपातले पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, विकत घेतले. सहा महिने ते दर आठवड्याला हातोहात फिरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. प्रकाशकाचे नाव येथे घालत नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या मी त्यांना पत्राने कळवल्या आहेत आणि त्यांचे उत्तर येण्याआधी चव्हाट्यावर नाव घेणे बरे दिसत नाही.

आधी वस्तूविषयी. प्रत काळ्या रेक्झिनच्या मऊ पुठ्ठ्यात, चेन असलेल्या वेष्टणासह मिळते आणि मला ती साडेआठशे रुपयांना पडली. वजन चांगलेच आहे. मांडीवर ठेवून वाचता येते, पण उभे राहून एका हातात धरून वाचायचे असेल तर दुसऱ्या अध्यायापर्यंत मनगट बोलू लागते. अक्षर मात्र खरोखर मोठे, काळेभोर आणि मोकळे आहे. आमच्या सभेतल्या सर्वांत वयस्क मावशींचे वय ८३ आहे आणि त्यांच्या एका डोळ्याची मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. पहिल्याच गुरुवारी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली घेतला, पानावर तळहात फिरवला आणि कुणी सांगण्याची वाट न पाहता वाचायला सुरुवात केली. ज्यासाठी पैसे मोजले होते ते काम तेवढ्यात झाले, असे म्हणायला हरकत नाही.

या सहा महिन्यांत आम्ही येशूचा प्रेषित पौल याने गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या चर्चना, लिहिलेली पत्रे क्रमाने वाचत आहोत. त्यामागे आमच्या चर्चच्या पाळक साहेबांची एक सूचना होती. आमच्या प्रार्थना हळूहळू मागण्यांची यादी झाल्या होत्या: अमक्याचा गुडघा, तमकीची नोकरी, कुणाच्या मुलाचा व्हिसा. पौल मात्र बहुतेक पत्रांच्या आरंभी, काही मागण्याआधी आणि काही शिकवण्याआधी, समोरच्या माणसांबद्दल देवाचे आभार मानतो. तेव्हा आपणही ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्या माणसाबद्दल आधी उपकारस्तुती करावी आणि मग मागणे मांडावे, असे त्यांनी सुचवले. त्यामुळे या प्रतीची खरी परीक्षा याच उताऱ्यांवर झाली आणि माझे बरेवाईट मतही त्यांच्यावरच आधारलेले आहे.

ही परीक्षा सोपी नव्हती, कारण हे उतारे वाचायला कठीण आहेत. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात १५ व्या वचनापासून २३ व्या वचनापर्यंत मूळ ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे. इफिसकरांचा प्रभू येशूवरील विश्वास आणि सर्व पवित्र जनांवरील त्यांची प्रीती पौलाच्या कानावर आली, म्हणून त्याची उपकारस्तुती थांबत नाही आणि आपल्या प्रार्थनांत तो त्यांची आठवण करतो, अशी त्याची सुरुवात आहे. हे एका दमात म्हटले तरच त्यातला जोर कळतो. या प्रतीत मजकूर दोन रकान्यांत छापला आहे आणि टाइप मोठा असल्याने एका ओळीत जेमतेम चार-पाच शब्द बसतात. त्यातून वचनांचे आकडे मजकुराच्याच आकाराचे ठेवले आहेत. परिणाम असा झाला की मावशी रंगात येऊन वाचत असताना, विश्वास आणि प्रीतीबद्दल ऐकल्याचे सांगून झाल्यावर आणि उपकारस्तुतीचा शब्द येण्याआधी, त्यांनी ठणठणीत आवाजात "सोळा" असे वाचले. सगळे हसले, त्याही हसल्या. पण प्रकाशकाने या खेपेला एकच सुधारणा करायची ठरवली, तर आकडे बारीक करून ते ओळीच्या किंचित वर घ्यावेत, अशी माझी विनंती आहे. मोठा टाइप डोळ्यांसाठी असतो, हे खरे. पण मंडळीत शास्त्र कानांनीही वाचले जाते, याचा विचार मांडणी करताना झालेला दिसत नाही.

उपशीर्षकांबाबतही अशीच अर्धवट काळजी घेतलेली आहे. पत्रांच्या आरंभी ठळक अक्षरांत उपकारस्तुती आणि प्रार्थना यांचे उपशीर्षक दिलेले आहे, आणि ज्याला हे उतारे शोधून वाचायचे आहेत त्याला त्याचा फार उपयोग होतो. मात्र फिलिप्पैकरांस पत्रात ते उपशीर्षक रकान्याच्या अगदी तळाशी आले आहे आणि त्याखालचा मजकूर पुढच्या रकान्यात गेला आहे.

गलतीकरांस पत्रात असे उपशीर्षक नाही, आणि ही छपाईची चूक नव्हे. तिथे पौल सलाम लिहून होताच आभार न मानता थेट कानउघाडणीला सुरुवात करतो. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका अण्णांनी पान मागेपुढे उलटून पाहिले आणि "इथले उपशीर्षक गळले की काय?" असे विचारले. त्यावरून अर्धा तास चांगली चर्चा झाली. करिंथची मंडळी तर गटबाजीने पोखरलेली होती, तिथले बंधू एकमेकांना न्यायालयात खेचत होते आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी काही जण उपाशी तर काही जण पिऊन तर्र असत. तरीही त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्याच वचनात पौल त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो. मंडळीच्या जागेवरून होणाऱ्या कोर्टकचेऱ्या आपल्यालाही अनोळखी नाहीत, म्हणून हे वचन वाचल्यावर खोलीत काही क्षण कुणी कुणाकडे पाहिले नाही. अशा वेळी ठळक उपशीर्षकाची खरी किंमत कळते: पान उघडताच भांडणाच्या आधी काय लिहिले आहे, ते नजरेत भरते.

भाषांतराची भाषा जुन्या वळणाची आहे. मला ती आवडते, पण प्रत्येकाला आवडेलच असे नाही. 'प्रेम' न म्हणता 'प्रीती', 'आभारप्रदर्शन' न म्हणता 'उपकारस्तुती' आणि विश्वासणाऱ्यांना 'पवित्र जन' म्हणणारी ही मराठी मंडळीबाहेरच्या वाचकाला थोडी परकी वाटेल. 'पवित्र जन' म्हणजे देवळातल्या मूर्ती नव्हेत, शेजारच्या बाकावर बसलेला माणूसच होय, हे आमच्या तरुण संघातल्या मुलांनाही समजावून सांगावे लागले. 'उपकारस्तुती' हा शब्द मात्र मी कशाच्याही बदल्यात सोडणार नाही. नुसते आभार मानून माणूस मोकळा होतो. या शब्दात उपकाराची जाणीव आणि ती बोलून दाखवणे, दोन्ही एकत्र येतात. पौलाने वापरलेल्या ग्रीक शब्दाच्या कुळातूनच प्रभुभोजनाचे दुसरे नाव असलेला 'युकॅरिस्ट' हा शब्द आला आहे, हे कळले तेव्हा आमच्यातल्या एका बाईंना महिन्यातून एकदा घेतो ते प्रभुभोजनही वेगळे वाटू लागले, असे त्यांनी साक्षीत सांगितले.

ज्यांना ही भाषा जड वाटते त्यांच्यासाठी मराठीत एक मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे घालून हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, ते साध्यासुध्या, फारशा न शिकलेल्या बाईला कळावे म्हणूनच. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांनीच उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे तिथल्या बायकांनी केली होती. १९०५ मध्ये त्याच मुक्तीत शेकडो मुली-बायका रोज एकत्र जमून प्रार्थना करत असत. वाचणारी बाई डोळ्यांपुढे ठेवून पुस्तक कसे करावे, याचा वस्तुपाठ आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच घालून दिलेला असताना, आजच्या चकचकीत आवृत्तीत आकड्यांवर ठेचकाळावे लागते, याची खंत वाटते.

कागद पातळ आहे, आणि तो तसा असणारच, कारण जाड कागदावर एवढ्या टाइपात बायबलातली ६६ पुस्तके छापली तर ती प्रत न्यायला हातगाडी लागेल. तरी मागच्या पानाची शाई पुढच्या पानावर सावलीसारखी दिसते आणि ट्यूबलाइटच्या थेट खाली बसले तर जास्तच दिसते. दिवा बाजूला असेल तर त्रास कमी होतो. काही ठिकाणी अनुस्वार पुसट उठले आहेत, त्यामुळे 'त्याना' की 'त्यांना' असा क्षणभर घोटाळा होतो. बांधणी शिलाईची आहे आणि सहा महिन्यांत एकही पान सुटलेले नाही. वेष्टणाची चेन मात्र तिसऱ्या महिन्यात अडकली, तिला मेणबत्तीचे मेण चोळून वळणावर आणले आहे. कॅथलिक वाचकांनी लक्षात घ्यावे की त्यांच्या बायबलात असणारी टोबीत, मक्काबी यांसारखी पुस्तके या प्रतीत नाहीत, तेव्हा वसईच्या किंवा गोव्याच्या नातलगांना भेट द्यायची असेल तर आधी विचारून घ्यावे.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय या प्रतीत ज्या ऐसपैस रीतीने छापला आहे, त्याबद्दल मात्र छापणाऱ्याला मनापासून धन्यवाद द्यायला हवेत. एरवी हा अध्याय वाचनात गाळला जातो, कारण त्यात नुसती नावे आहेत. फीबी, प्रिस्किल्ला आणि अक्विला, प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केलेली पर्सिस, रूफ आणि त्याची आई, जिला पौल आपलीही आई म्हणतो. दोन डझन माणसांना एकेकाच्या नावाने सलाम सांगितलेला आहे आणि ज्याच्या हातून पत्र लिहिले गेले तो लेखनिकही मध्येच आपला सलाम घालून घेतो. बारीक टाइपाच्या जुन्या प्रतीत हा सगळा एक करडा ठोकळा दिसे. इथे तो दोन पाने व्यापतो आणि प्रत्येक नावाला श्वास घ्यायला जागा मिळते. मावशींनी तो अध्याय सावकाश, बोटाने ओळ धरून वाचला आणि नावे संपल्यावर त्याच सुरात आमच्या मंडळीतली नावे घेऊ लागल्या: दर रविवारी आधी येऊन सतरंज्या घालणारा, करोनाच्या काळात घरोघर डबे पोहोचवणारी, पेटी वाजवणारा. त्यांतल्या एका बाईंशी त्यांचे चार वर्षे बोलणे नव्हते, हे खोलीतल्या सर्वांना ठाऊक होते. त्यांचे नाव त्यांनी सहाव्या की सातव्या क्रमांकावर घेतले, देवाचे उपकार मानले आणि पुढच्या नावाकडे वळल्या. पुढे त्या दोघींचे बोलणे सुरू झाले का, हे मी येथे लिहिणार नाही; तो या अभिप्रायाचा विषय नाही.

प्रतीच्या शेवटी नकाशांनंतर चार कोरी पाने आहेत. ती बहुधा बांधणीच्या सोयीसाठी ठेवलेली असावीत, पण आमच्यासाठी ती फार कामाची ठरली. दर गुरुवारी ज्यांच्याबद्दल उपकारस्तुती केली आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्यांची नावे तारखेसह तिथे लिहिण्याचे आम्ही ठरवले. पहिली दोन नावे बॉलपेनने लिहिली, तर दाब मागच्या पानावर उमटला. शाईचे पेन वापरले असते तर ती पसरलीच असती. तेव्हापासून पेन्सिल वापरतो. ही पाने थोड्या जाड कागदाची आणि ओळी आखलेली असती, तर मी पन्नास रुपये जास्त दिले असते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल लिहितो की पुष्कळांनी प्रार्थना केली म्हणजे मिळालेल्या कृपादानाबद्दल उपकारस्तुतीही पुष्कळांकडून होते. आमच्या यादीत त्या हिशेबाने एक दुसरा रकाना आखला आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट झाली, व्हिसा मिळाला, असे तिथे नोंदवतो. सगळ्या नावांपुढे नोंद नाही. एका नावापुढे फक्त अंत्यविधीची तारीख आहे आणि त्यांच्याबद्दलची उपकारस्तुती आम्ही अजून चालू ठेवली आहे.

एकट्याने शांतपणे वाचणाऱ्याला ही प्रत घ्यावी असे मी आग्रहाने सांगणार नाही. त्याला वजन पेलणार नाही आणि मोबाइलवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. ज्या घरात किंवा मंडळीत वयस्क माणसे एकत्र बसून मोठ्याने वाचतात, तिथे ती अवश्य घ्यावी, मात्र घेण्यापूर्वी दुकानातच इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय उघडून मोठ्याने वाचून पाहावा. आम्ही दुसरी प्रत मागवली आहे आणि ती मावशींच्या घरी राहील. खूणफीत एकच दिलेली आहे, ही शेवटची तक्रार. ती स्तोत्रसंहितेत अडकलेली असल्याने, येत्या गुरुवारी सुरू होणाऱ्या कलस्सैकरांस पत्राशी सध्या दुधाच्या बिलाची पावती घालून ठेवली आहे.