घरोघरी की सामूहिक, दोन खड्डे की सेप्टिक टाकी: गावासाठी शौचालय ठरवताना

गावाच्या समितीसमोर शौचालयाचा विषय आला की आधी विचारलं जातं ते एकच: एका शौचालयाला खर्च किती? हिशेब लागतोच, पण नुसत्या त्यावर निवड केली तर गावातल्या अडल्यानडल्या माणसांचंच नुकसान होतं. बांधून झाल्यावर पाणी कोण वाहणार, सफाई कोण करणार, आणि खड्डा भरला की तो कोण उपसणार, हे आधी ठरवा. ही कामं बायकांवर, गरिबांवर आणि ज्यांच्याकडून पिढ्यानपिढ्या मैला उचलून घेतला गेला त्यांच्यावर येऊन पडतात. खालची तुलना मी त्याच अंगाने केली आहे.

घरोघरी की सामूहिक?

जागा असेल तर घरोघरीच. रात्री-अपरात्री जाता येतं, पाळीच्या दिवसांत आडोसा मिळतो, आजारी माणसाला लांब न्यावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून देशोदेशीची मोजणी करतात, तीतही अनेक कुटुंबांनी मिळून वापरायचं शौचालय, कितीही चांगलं बांधलेलं असलं तरी, ‘मर्यादित’ सोयीतच धरलं जातं.

पण भूमिहीनांचं काय? दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्याला पक्कं बांधकाम करायला मालक परवानगी देत नाही, आणि दिली तरी उद्या जागा सोडावी लागली की शौचालय मालकाचं होतं. तिथे आधी जागेचा हक्क किंवा निदान लेखी संमती मिळवून द्यायला हवी. तोवर दोन-तीन शेजारी कुटुंबांत एक शौचालय आणि प्रत्येक घराकडे त्याची किल्ली, ही व्यवस्था चालते, कारण कोणी वापरलं आणि कोणी धुतलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. सबंध वस्तीसाठी एकच मोठं संकुल मात्र पगारी सफाई कामगार आणि नळाचं पाणी असल्याशिवाय बांधूच नका. ते तुंबतं, कुलूपबंद होतं, आणि एखाद्या वाडीला तिथे पाऊल ठेवू दिलं जात नसेल तर ते कागदावर कुठेच दिसत नाही.

दोन खड्डे की सेप्टिक टाकी?

बरीच कुटुंबं सेप्टिक टाकीच मागतात. मोठी टाकी बांधली की वर्षानुवर्षं बघायला नको, असा समज असतो. पण टाकीत गाळ साचतोच. तो उपसायला गाडी हवी, गाडी यायला रस्ता हवा आणि गाळ न्यायला प्रक्रिया केंद्र हवं. यातलं काही नसलं की कुणाला तरी टाकीत उतरवलं जातं, आणि आतल्या विषारी वायूने माणसं मरतात. भारतात हाताने मैला उचलायला लावणं आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं, दोन्ही 2013च्या कायद्याने गुन्हे आहेत. तेव्हा गाडीची सोय नसलेल्या गावाने टाकी निवडली, तर एका माणसाचा जीव आपण गृहीत धरला, असंच मी म्हणेन.

दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात सोडायचा आणि पहिला झाकून ठेवायचा. दीड-दोन वर्षांत त्याचं मातीसारखं, वास नसलेलं खत होतं आणि घरचा माणूसही ते काढू शकतो. कोणा एका समाजाला बोलवावं लागत नाही, म्हणून माझा कौल या पर्यायाला. सगळी मेख चेंबरमध्ये आहे. भांड्याकडून आलेला पाइप तिथे दोन वाटांनी फुटतो आणि त्यातली एक वाट बंद ठेवायची असते. घाईत दोन्ही उघड्या ठेवल्या की दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि योजनाच कोसळते. गवंड्याचं बिल देण्याआधी झाकण उघडून हे स्वतः बघा. भांडंही तीव्र उताराचं घ्या. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं, म्हणजे डोक्यावरचा एखादा हंडा तरी वाचतो.

जिथे पावसाळ्यात भूजल वर येतं किंवा जमीन भेगाळ खडकाची आहे, तिथे हा पर्याय चालत नाही. तिथे उंचावर बांधलेले खड्डे किंवा लघवी वेगळी करणारं कोरडं शौचालय बघावं लागेल. खड्डा कुठेही असो, विहिरीपासून किमान 10 मीटरचं अंतर ठेवाच.

एकच नमुना की माणसागणिक बदल?

एकच नमुना सगळीकडे बांधणं ठेकेदाराला सोपं जातं. पण चाकाच्या खुर्चीला 90 सेंटिमीटरचं दार लागतं आणि रॅम्पला 1:12 उतार. म्हणजे जोतं 30 सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प 3.6 मीटर लांब हवा. अंगणात तेवढी जागा नसते, म्हणून जोतंच बुटकं ठेवायचं हे आराखड्याच्या वेळीच ठरवा. दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसाला अडून बसतं. बाकी गोष्टी स्वस्त आहेत: उठताना धरायला भिंतीत पक्का दांडा, गुडघे न वाकणाऱ्यांसाठी भोकाची खुर्ची, दृष्टिहीनांसाठी घरापासून बांधलेली दोरी.

पैसे कसे द्यायचे?

बांगलादेशात विकास सल्लागार कमल कार यांनी 1999-2000च्या सुमारास लोकसहभागाची जी पद्धत उभी केली, तिच्यात घरोघरी अनुदान देत नाहीत. गाव आपला उघड्यावरचा मैला कुठे जातो ते स्वतः बघतं आणि बदल स्वतः ठरवतं. वापराची सवय लावायला ही पद्धत फार उपयोगी आहे. पण ज्यांच्या अंगात खड्डा खणायची ताकद नाही, अशा एकट्या म्हाताऱ्या बाईवर किंवा अपंग माणसावर गावाचा दबाव येतो आणि चारचौघांत अपमानही होतो. उलट सगळ्यांना सारखं अनुदान दिलं, तर ते बहुधा काम पूर्ण झाल्यावरच हातात पडतं. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे आहेत त्याचं शौचालय उभं राहतं आणि बाकीचे कर्ज काढतात.

माझा सल्ला दोन्हींची सांगड घालण्याचा आहे. सवयीसाठी गावाने मिळून काम करावं आणि अनुदान फक्त गरजूंना, पण आगाऊ द्यावं. यादी चावडीवर न करता वस्तीवस्तीत बसून करा. हंगामी मजूर आणि एकट्या राहणाऱ्या बायका तिच्यात आहेत ना, हे त्यांच्याच शेजाऱ्यांकडून तपासून घ्या. पहिला हप्ता विटा, सिमेंट आणि भांडं अशा साहित्याच्या रूपात, खणायला सुरुवात व्हायच्या आधी त्यांच्या दारात पोचवा.